कमरेची किल्ली

वच्छला : साखर पाहाले दोन दोन नळ्या लागते का वो? मागच्या डावाले त्या नर्सबाईनं बोटाले सुई टोचली अन झालं.

गीतांजली : मूठ आवळ, आई. बोलू नको.

वच्छला : पयले सांग. अमरावतीहून पयली गाडी धरून तू तेल्हाऱ्याले आली, थे बी बर्फाचा डबा घेऊन. माई साखर काय पळून चालली होती?

गीतांजली : बरं बाई. साखरेसाठी नाही हे.

वच्छला : मले वाटलंच. सोड हात. सोड म्हनते ना! लॅबमधी नोकरी लागली म्हनून मायले फसवून रक्त काढते? कशासाठी पाहिजे?

गीतांजली : दादासाठी. परवा अकोल्याले त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन आहे ना.

वच्छला : त्याले चढवाचं हाय का? मंग असं सांग ना. दोन काय, चार नळ्या घे.

गीतांजली : चढवायचं नाही, तपासायचं आहे. आई, काल मी त्या दवाखान्यात जाऊन आली. दादाचा फॉर्म पाह्यला. त्याच्यात विचारलं आहे, पेशंट याच्या आधी कधी भरती होता का. समोर 'नाही' लिहिलं आहे. खाली सही तुही.

वच्छला : मंग?

गीतांजली : मंग दोन हजार सहात आठ दिवस कुठं होता तो? काशीले गेला होता?

वच्छला : हळू बोल! पलीकडे सुंदराबाई फुलं तोडून राहिली.

गीतांजली : सुंदराबाईले तुह्यापेक्षा जास्त माहीत आहे. साऱ्या गावाले माहीत आहे. नाही माहीत ते फक्त त्या डॉक्टरले, ज्याले माहीत पाहिजे. तू काहून लपवलं?

वच्छला : काहून लपवलं! तठी जो कंपाउंडर हाय ना, थो खुशालरावचा साडू लागते. वरूडचा खुशालराव, संत्र्याचा व्यापारी. अकरा वर्षांत पयला मानूस असा भेटला का त्यानं पोरीसाठी आपल्या जीवनचं नाव सोताहून काढलं. याच्या आधी चार जागा मोडल्या, गीता. घरी येत, पोहे खात, झेंडूचा मळा पाहून खुश होत. अन फाट्यावर गाडीची वाट पाहता पाहता कोनीतरी सांगेच. "कोन, किसनरावचा जीवन? अरे थो तं दवा पेला होता." झालं. पुन्हा निरोप नाही. आता मी त्या कागदावर सोताच्या हातानं लिहू, का माया पोरगा जहर पेला होता?

गीतांजली : पेलाच नव्हता तो.

वच्छला : काय म्हनली?

गीतांजली : दादा दवा पेलाच नव्हता. तेच सांगायले आली मी. आणि हे परवाच्या आधी डॉक्टरले कळलं नाही, तर दादा टेबलावरून उठनार नाही. मंग खुशालराव मयतीले येईल. हार घरचेच आहेत आपल्याजवळ.

वच्छला : जीभ झडो तुही!

गीतांजली : झडू दे. पण ऐकून घे. भूल देतात ना, तवा घशात नळी घालून मशीननं श्वास देतात. नळी सरकावी म्हणून एक इंजेक्शन असते. त्यानं सारं अंग ढिलं पडते. पापणी हालत नाही, छाती हालत नाही. आपल्या रक्तात एक एंझाइम राहते, लिव्हर बनवते ते. ते त्या इंजेक्शनले चार-पाच मिनिटांत कापून टाकते आणि मानूस आपला आपण श्वास घ्यायले लागते. दादाच्या रक्तात ते एंझाइम नाहीच म्हटलं तरी चालते. त्याले चार मिनिटांच्या जागी चार घंटे लागतील.

वच्छला : मंग पडू द्या चार घंटे. तठीच बसून राहीन मी.

गीतांजली : डॉक्टरले माहीत असलं तर तो मशीन चालू ठेवील. नाहीतर ते इंजेक्शनच वापरनार नाही, दुसरं आहे. पण माहीतच नसलं, आणि ऑपरेशन झालं म्हणून कोनी नळी काढली तर? आई, जानरावमामा कसा गेला?

वच्छला : मी दवाखान्याची गोठ करून राहिली, तू जानरावले काहून मधात आनते?

गीतांजली : सांग तर.

वच्छला : अपेंडिक्स झाल्तं त्याले. एकोनीस वर्षांचा होता. सायकलवर बसून गेला दवाखान्यात, गीता. डाक्टर म्हने एका घंट्याचं काम हाय. मी बाहेर ओसरीत त्याच्यासाठी निंबूसरबत घेऊन बसली होती. डाक्टर बाहेर आला अन म्हने, ऑपरेशन चांगलं झालं, पन पोरानं श्वासच परत घेतला नाही. मायी माय म्हने धाकट्या काकूनं करनी केली. दोन घरं तुटली त्याच्यापायी. काकू मेली तवाबी आमी गेलो नाही.

गीतांजली : श्वासच परत घेतला नाही.

वच्छला : म्हंजे?

गीतांजली : मामाचं मी छातीठोक नाही सांगनार. त्याचं रक्त कोनी ठेवलं नाही. पण दादाचं सांगते. आणि मामाचं आठवल्यापासून मले रात्री झोप नाही.

वच्छला : असं काहून असते वो रक्तात? कोनं घातलं?

गीतांजली : बियाण्यातून येते. बीटी कपाशी आली तवा दुकानदार काय सांगे? बियाण्यात जीन टाकला आहे. तसे आपल्यातबी आहेत, हजारोंनी. त्यातला एक जीन हे एंझाइम कसं बनवायचं ते सांगते. बीसीएचई म्हणतात त्याले. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती, एक मायची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. दोन्ही बिघडल्या तर आपला दादा.

वच्छला : म्हंजे माया पोटातूनच बिघडून निघाला, असं म्हन ना सरळ. अकरा वर्षं लोकायनं कमी बोलून ठेवलं का मले?

गीतांजली : तुह्या एकटीचं नाही, अर्धं बाबांचं. तू बाबांची कोन होती?

वच्छला : सख्ख्या मामाची पोरगी. पाळण्यातच ठरलं होतं. आमच्यात तसंच करत. घरची पोरगी घरात.

गीतांजली : मंग घरचा जीनबी घरातच राह्यला. फिरून फिरून दोन्हीकडून दादाच्या वाट्याले आला. मी माझंबी रक्त तपासलं. माझं अर्धं आहे.

वच्छला : अवो बाई! मंग तुले काही होते?

गीतांजली : काही नाही होत. जेवते, झोपते, मायसोबत भांडते. दादालेबी काही होत नाही. सारा जन्म निघून जाते लोकांचा, कळतबी नाही. फक्त त्या एका इंजेक्शनच्या वेळी कळते. कोनी कोनी तर असंबी म्हणते का म्हातारपणी विसर पडते त्याच्याशी या जीनचा काही संबंध आहे. ते अजून नक्की नाही.

वच्छला : नसनच. आमच्या घरात कोनी काही विसरत नाही, थेच तं दुखनं हाय. पन मले एक सांग. तवाच्या डाक्टरनं आमाले कागद दाखवला होता. म्हने हा आकडा कमी हाय, म्हंजे दवा पोटात गेली. थो काय खोटा बोलला?

गीतांजली : खोटा नाही बोलला. अर्धं बोलला. फवारणीची दवा याच एंझाइमले बांधून टाकते, म्हणून दवा पेलेल्याचाबी आकडा पडते. आणि ते वर्ष आठव ना. रोज कोन्या ना कोन्या गावची गाडी दवा पेलेल्याले घेऊन उभी राहे दवाखान्यासमोर. खाटा पुरत नव्हत्या. त्यात कास्तकाराचं पोरगं, ओकाऱ्या करून राहिलं, सकाळी बापाशी भांडलं, सायकलले दवाचा डबा टांगलेला, आणि आकडा कमी. डॉक्टरनं दुसरं काय समजावं? ओकाऱ्या पित्ताच्याबी असतील, हे कोनाच्या मनात आलं नाही. पण त्याच्यानंतर दोन महिन्यांनी कोनी पुन्हा रक्त नाही पाह्यलं.

वच्छला : पाहून काय झालं असतं?

गीतांजली : दवानं पडलेला आकडा महिन्या-दोन महिन्यांत वर चढते. यंदा फवारणीनं इतकी मानसं पडली, तर गावात शिबिर लागलं ना. साऱ्यांचं रक्त घेतलं. दादाचा आकडा निघाला नऊशे दहा. पाच हजाराच्या वर पाहिजे.

वच्छला : यंदा? यंदाबी कमी? देवा रे. म्हंजे यंदाबी पेला का थो? गीता, खरं सांग, मायापासून लपवू नको! काल संध्याकाळी तं मी...

गीतांजली : आई, आई. इकडे पाय. दवाच्या पेटीची किल्ली कुठं आहे?

वच्छला : कुठी म्हंजे? अठी, कमरेले.

गीतांजली : कधीपासून?

वच्छला : दोन हजार सहाच्या पोळ्यापासून. तुया बापानं लोखंडी पेटी आनली अन किल्ली माया करगोट्यात बांधली.

गीतांजली : एक दिवस तरी काढली?

वच्छला : आंघोळीले काढत नाही. तुया बापाच्या मयतीलेबी काढली नाही. फवारनीले मजूर येते, तवा मी बांधावर उभी राहून दवा मोजून देते. मोकळा डबा मीच गाडते. जीवनले त्या दिवशी तेल्हाऱ्याच्या बजारात पाठवते, काही ना काही काढून.

गीतांजली : शेजारच्या घरून?

वच्छला : शेजारीबी सांगून ठेवलं हाय. दुकानदारालेबी. लाज सोडून सांगलं मी.

गीतांजली : मंग अकरा वर्षं ज्या मानसाच्या हाताले दवाचा डबा लागला नाही, त्याच्या रक्तात दवा आली कुठून?

वच्छला : थांब. मले हे पुन्हा सांग. हळू सांग.

गीतांजली : आकडा तवाबी तोच, आताबी तोच. तवा लोक म्हणे दवा पेला म्हणून कमी. आता दवा नाहीच, तरी कमी. म्हणजे दवाचा संबंध तवाबी नव्हता. तो जन्मापासून तसाच आहे. आमच्या लॅबच्या लुबना मॅडमनं दोनदा तपासलं. लाल पेशीत याच एंझाइमचा भाऊ राहते, तो दुसऱ्या जीनचा. दवा पेला तर दोन्ही भाऊ पडतात. दादाचा तो भाऊ ठणठणीत आहे. लिव्हर पाह्यलं, तेबी चांगलं. पण मॅडम म्हणे, डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतील का पेशंट फवारणी करते का. त्याचं उत्तर आमच्या मशीनजवळ नाही. ते तुह्या कमरेले आहे.

वच्छला : माया कमरेले.

गीतांजली : तू त्याच्यावर भरोसा ठेवला नाही म्हणूनच आज सिद्ध होऊन राहिलं का तो खरं बोलत होता.

वच्छला : असं नको बोलू वो. असं नको बोलू मले.

गीतांजली : मीबी ठेवला नाही, आई. बारावीत होती मी. त्यानं मले एकटीले मळ्यात नेऊन सांगलं, "गीते, मी नाही पेलो." मी त्याले म्हटलं, पुन्हा तसं करू नको, माझी परीक्षा आहे. एवढंच म्हटलं मी त्याले. परीक्षा आहे.

(बाहेर फटफटी थांबते.)

वच्छला : आला थो. डोळे पूस. डबा झाक.

जीवन : झेंडूले वीस रुपये भाव भेटला, आई. दिवाळी गेली, आता उतरलाच. कोनाचा डबा झाकून राहिल्या?

वच्छला : कोनाचा नाही. हात-पाय धू. तुले डाक्टरनं गाडी चालवू नको म्हनलं होतं ना?

जीवन : फुलायले कोन सांगनार, का माया पोटात खडे आहेत म्हनून. गीते, सांगलं का आईले?

वच्छला : तुले मालूम हाय?

जीवन : काल रात्री फोन केला होता तिनं. अर्धा घंटा जीन-जीन करून राहिली. मले तेवढंच समजलं का मी खोटा नोतो. ते मले आधीच मालूम होतं.

वच्छला : जीवन, एक विचारू? दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तू हो म्हनला होता. मी उशाले उभी होती. बापानं विचारलं, "पेला का?" तू म्हनला, "हो." मी माया कानानं ऐकलं. त्याच्यापायीच...

जीवन : हात बांधले होते, आई. दोन्ही हात खाटेले, साडीच्या पट्ट्यायनं. इंजेक्शनावर इंजेक्शन देत. जीभ अशी सुकली का टाळूले चिकटे. भिंतीवरून बैल चालून राहिले असं दिसे. मी त्यायले हाकलत होतो, म्हनून अजून आवळून बांधलं.

गीतांजली : ते अॅट्रोपिन. दवा पेलेल्याले देतात, त्याचा जीव वाचते. न पेलेल्याले दिलं तर मानूस बरळायले लागते.

जीवन : बरळत होतो. पन ते हो मी बरळून नाही म्हनलो. तवा मी शुद्धीवर होतो. बाबा म्हने, "खरं सांग, म्हंजे हात सोडतो." मी दोन दिवस नाही नाही म्हनून पाह्यलं. मंग हो म्हनलो. त्यायनं हात सोडले. पानी पाजलं.

वच्छला : अन मंग घरी आल्यावर काहून नाही बोलला रे?

जीवन : बोललो. चार महिने बोललो. जवा जवा बोललो, तू माया डोक्यावरून हात फिरवे अन म्हने, "जाऊ दे बाप्पा, झालं गेलं. मी काही म्हनते का तुले?" तू मले माफ करून राहिली होती, आई. माफ करनाऱ्यासोबत कसं भांडाव मानसानं? बाबा गेले त्या दिवशी त्यायनं मले जवळ बोलावलं. म्हने, "मायले सांभाळ. अन तसं पुन्हा करू नको." मी म्हनलो, नाही करत. आता मरनाऱ्या मानसाले काय समजवाव.

गीतांजली : दादा, पुरे.

जीवन : पुरे काहून? आज विषय निघाला तर निघू दे. आई, तू रोज संध्याकाळी माया तोंडाजवळ येते. "जेवला का रे, घाम किती आला," असं म्हनत पदरानं तोंड पुसते. तुले वाटते मले समजत नाही?

वच्छला : वास पाहे मी. दवाचा वास.

जीवन : मालूम आहे. म्हनून मी तंबाखूचा खर्रा सोडला. दोन हजार सातात. साऱ्या दोस्तायनं हसून घेतलं. पन त्याच्या वासात तुले दुसरा वास येईल-नाही येईल, अन तू रात्रभर जागी राहशीन. तर म्हनलं, तोंड साफच ठेवाव.

वच्छला : गीता, मले पानी दे.

गीतांजली : घे. हळू पे.

वच्छला : दुधानं तोंड पोळलं म्हनून मी ताक फुंकत होती, लोकायले असं सांगे मी. दूध नोतंच रे बाप्पा. अकरा वर्षं मी तुले जाळलं.

जीवन : तू नाही जाळलं. तुले भेव होतं.

वच्छला : तू मधात बोलू नको. माफ करून राहिली होती म्हने! कोन होती मी माफ करनारी? चोर सोडून संन्याशाले फाशी, अन वरून आमीच मोठ्या मनाचे. थांबा. पिठाच्या कोठीमागं थे पिशवी हाय, गीता, काढ. रेशन कार्डाच्या खाली, पिवळ्या प्लास्टिकात.

गीतांजली : कागद आहे? मले वाटलं जाळला असशीन.

वच्छला : जाळनार होती. तुया बापानं जाळू दिला नाही. म्हने कधी पोलिसायनं विचारलं तं. वाच, काय हाय त्याच्यावर.

गीतांजली : आठशे ऐंशी. आई, आठशे ऐंशी! मशीन वेगळं, लॅब वेगळी, अकरा वर्षं मधात गेली, तरी हललाच नाही. हेच तर म्हणते मी.

वच्छला : पुरते का हा कागद?

गीतांजली : हा, शिबिराचा, आमच्या लॅबचा. आणि तुह्यं बोलणं. फॉर्म फाडून नवा भरायचा. मॅडमनं डॉक्टरसाठी चिठ्ठी देली आहे, पण तो विचारील तुलेच.

वच्छला : मंग हात घे माया. कुठी टोचते, टोच. माया रक्तात काय निघते थेबी त्याच्यासमोर ठेव. मायालेबी अर्धं निघालं तं डाक्टरले समजन हे पिढीचं हाय, पेटीतलं नाही.

जीवन : अन खुशालराव?

वच्छला : खुशालरावले आज संध्याकाळीच फोन लावते. त्याच्या साडूच्या तोंडून कळाच्या आधी माया तोंडून कळू दे. पोरगी द्याची तं दे म्हना, नाही तं संत्री विक. पन गीता, एक गोठ. त्या पोरीले पोरं-बाळं झाली तं...?

गीतांजली : वरूडची पोरगी आपल्या नात्यातली नाही. बहुतेक पोरांले एक चांगली प्रत भेटनच, माझ्यासारखी. तरी लग्नाच्या आधी तिचं रक्त पाहू. आणि घरात कोनाचंबी ऑपरेशन निघालं तर आधी डॉक्टरले सांगायचं. मी दादाले कार्ड बनवून देनार आहे, खिशात ठेवायले. मूठ आवळ, आई.

वच्छला : आवळली. जीवन, इकडे ये. माया करगोट्याची गाठ सोड. दुसऱ्या हातानं सुटत नाही मले.

जीवन : काहून?

वच्छला : किल्ली तुले देते. तुया घरात तुयापासून कुलूप नको आता.

गीतांजली : नाही, नाही! किल्ली तुह्याजवळच राहू दे.

वच्छला : आता तूच म्हनली ना, थो पेला नोता म्हनून?

गीतांजली : तेच तर. दवा अंगात गेली तर हे एंझाइम ती थोडीफार अडवते, मधात आडवं पडते. दादाजवळ ते नाही. दुसऱ्याले नुसती चक्कर येईल तिथं तो आडवा होईल. त्यानं फवाऱ्याजवळ जाऊच नये. कधीच नाही. यंदा जेवढी मानसं पडली, त्यात दादाबी राह्यला असता.

जीवन : म्हंजे आईच्या कुलपानं वाचलो म्हनते तू.

गीतांजली : हो. वाचला.

वच्छला : मले बरं वाटावं म्हनून नको सांगू.

गीतांजली : मी कोनाले बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही, तुले माहीत आहे. झालं. बोट दाबून धर. दादा, मले फाट्यावर सोड. अकोल्याच्या गाडीनं नळ्या दुपारपर्यंत आमच्या लॅबमध्ये पोचल्या तर उद्या आकडा भेटते. तुम्ही दोघं परवा सकाळी सातच्या गाडीनं या.

वच्छला : सातच्या नाही, सहाच्या. डाक्टर याच्या आधी मी त्याच्या खोलीसमोर बसलेली पाहिजे. गीता, थांब दोन मिनिटं. मले सांग, तठी काय बोलाचं? पयले काय, मंग काय? माया जीव घाबरते खुर्चीवरच्या मानसासमोर.

गीतांजली : जे खरं ते बोल. मी डॉक्टर, समज. हं आई, तुमच्या मुलानं विष घेतलं होतं का?

वच्छला : नाही साहेब.

गीतांजली : एवढ्या हळू नाही. त्यांले ऐकायले नाही येनार.

वच्छला : माया पोरानं दवा पेली नोती, साहेब. जन्मापासून त्याच्या रक्तात एक गोठ कमी हाय. हा तवाचा कागद, हा आताचा. मधातली अकरा वर्षं पेटीची किल्ली माया कमरेले होती, हे पाहा. मागच्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं, थो फाडा. अन थे इंजेक्शन माया पोराले देऊ नका.

गीतांजली : आणि कंपाउंडर दाराआडून ऐकत असला तर?

वच्छला : ऐकू दे. त्याच्यासाठीच तं मोठ्यानं म्हनून राहिली.

गीतांजली : बस. असंच बोल. चल दादा, गाडी काढ. दादा? काय झालं? उशीर होऊन राहिला.

जीवन : होऊ दे. आई, ते पयलं वाक्य अजून एक डाव म्हन.